रंगनाथमामांचा फेस

माझी दाढी दिसायला बरी आहे, स्वभावाने वाईट. केस राठ, हनुवटीखाली दोन भोवरे आणि कातडी इतकी नाजूक की ब्लेड नुसतं जवळ आणलं तरी लाल व्हावी. त्यात मी हायस्कूलचा मास्तर. रोज सकाळी घाईघाईत दाढी उरकायची, गळ्यावर रक्ताचे ठिपके आले की त्यावर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवायचे आणि प्रार्थनेला जाऊन उभं राहायचं. कपटे काढायचे विसरलो की आठवीतली पोरं माना खाली घालून हसायची. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो, त्यामुळे अशा दिवशी पहिल्या तासाला कुणाची तरी खैर नसे.

शिरूर माझं गाव. संस्थेने तिथून दौंडच्या शाळेत बदली केली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात चित्रकलेचे शिक्षक माझ्या गळ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, रेल्वे कॉलनीच्या फाटकासमोर रंगनाथमामा आहेत. एकदा जाऊन या त्यांच्याकडे. पण वेळ काढून जा."

वेळ काढून जा म्हणजे काय, ते रविवारी कळलं. दुकान कसलं, दहा बाय आठची खोली. एक खुर्ची, एक बाकडं, एक आरसा. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. मामा ठेंगणे, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर पंचा. मी खुर्चीत बसलो तर त्यांनी काही हातात घेतलं नाही. दोन बोटं माझ्या गालावरून, जबड्यावरून, मग हनुवटीखालून उलटसुलट फिरवली आणि स्वतःशीच मान हलवली.

"काय झालं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"काय न्हाई. दाढी कुणीकडनं कुणीकडं उगवतीया ते बघतूय. रानाचा उतार बघितल्याबिगर पाणी सोडत न्हाईत, सर."

मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर आला. मग ब्रश. तो मी यायच्या आधीपासूनच मगातल्या कोमट पाण्यात बुडवलेला होता. मामा वाटीतल्या साबणावर तो फिरवत राहिले, मध्येच दोन थेंब पाणी घालायचे, परत फिरवायचे. गालावर आला तो फेस फुगलेला, पांढरा ढीग असा नव्हताच. दाट, ओलसर, सायीसारखा. आणि मग तो ब्रश गालावर जो गोल गोल फिरायला लागला तो थांबेचना. समोर भिंतीवर घड्याळ होतं. पाच मिनिटं झाली, सात झाली.

"मामा, दाढी कधी सुरू करणार?"

"आता तर अर्धी झाली की," ते म्हणाले.

वस्तरा चालला तो जेमतेम तीन मिनिटं. पुन्हा एकदा फेस, पुन्हा एक हलका हात, झालं. रक्ताचा थेंब नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी स्वतःच्याच गळ्यावरून हात फिरवत होतो. बायकोने दोनदा विचारलं, गळा दुखतोय का म्हणून.

पुढे बावीस वर्षं मी त्या खुर्चीत बसलो. घरी दाढी करणं मी जवळजवळ सोडूनच दिलं.

मामांचं म्हणणं साधं होतं. दाढी करतो तो ब्रश. वस्तरा नुसता मागून येऊन झाडलोट करतो. मला मास्तर म्हणून पुरावा लागायचा, तर ते म्हणाले, "आंघोळीच्या आधी एक नख कापून बघा आन् आंघोळीनंतर दुसरं कापा. कोरडं नख कसं टकदिशी उडतंय? दाढीचा खुंटबी तसाच. भिजला की मऊ पडतो. पण नुसत्या पाण्यानं भिजत न्हाई. पाणी गालावर थांबत न्हाई ना, घसरून जातंय. फेस त्याला धरून ठेवतो." गोल फिरवल्याने आडवे झोपलेले केस उठून उभे राहतात आणि साबण त्यांच्या मुळापर्यंत जातो, शेवटी ब्रश सरळ खाली ओढला की फेस सारखा बसतो आणि वस्तऱ्याला वाट मिळते. फेसात हवा जास्त झाली तर तो नुसता दिसायला. पाणी जास्त झालं तर ओघळून जातो. कमी पडलं तर वाळतो आणि वस्तरा अडतो. एवढं सगळं त्यांनी मला एका दमात कधी सांगितलं नाही, कारण त्यांचं बोलणं ब्रश हातात असेपर्यंतच चालायचं. वस्तरा उचलला की तोंड बंद. त्यामुळे त्यांची कुठलीही गोष्ट पहिल्या फेसाला सुरू व्हायची, मध्ये थांबायची आणि दुसऱ्या फेसाला पुरी व्हायची. रेल्वेचे गार्ड चेष्टा करायचे, मामाची गोष्ट आऊटर सिग्नलला थांबल्याशिवाय स्टेशनात येतच नाही.

पाण्याबाबत तर ते हटवादी होते. आमच्या त्या भागात बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरा थर धरतो, डाळ शिजत नाही आणि साबणाचा फेस होण्याऐवजी त्याच्या गुठळ्या होतात. मामा दुकानात पिण्याच्या पाण्याचा जार आणून ठेवायचे आणि दाढीला तेच पाणी तापवायचे. स्वतःला तहान लागली की मात्र कोपऱ्यावरच्या नळाला जायचे. कॉलनीतली माणसं म्हणायची, आम्ही बोअरचं पितो आणि मामाच्या दुकानात दाढ्या जारच्या पाण्याने होतात. मामांना ही चेष्टा आवडायची. मी ती बाहेर ऐकून आलेलो असलो तरी ते मला ती परत ऐकवायचे.

पाटसच्या आबांचा किस्सा मी असाच दोन फेसांत ऐकला. आबा साखर कारखान्यात होते, गळ्यात तुळशीची माळ, दर रविवारी दाढीला पाटसहून दौंडला यायचे. मी दौंडला येण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. आबा खुर्चीत, अर्ध्या चेहऱ्याची दाढी झालेली, अर्ध्यावर फेस. बाकड्यावर बसलेल्या एका गार्डला काय बुद्धी झाली कुणास ठाऊक, त्याने विचारलं, "मामा, तुमचा ब्रश एवढं पाणी कसं धरतो हो? कशाचे केस आहेत?"

मामांना खोटं बोलता यायचं नाही. ते म्हणाले, "डुकराचे."

आबांनी माळेवर हात ठेवला. उठले, रस्त्यावरच्या नळावर तोंड धुतलं आणि एका गालावर दाढी, एका गालावर नाही, असे जाऊन पाटसच्या गाडीत बसले.

"मग?" मी विचारलं, पण तोवर वस्तरा लागला होता. दुसरा फेस येईपर्यंत मला थांबावं लागलं.

मग मामा पुण्याला गेले, नायलॉनच्या केसांचा ब्रश शोधून आणला आणि तो घेऊन पाटसला आबांच्या घरी जाऊन उभे राहिले. "चुकलं माझं. मी आधी सांगायला पायजे हुतं," एवढंच म्हणाले. आबांनी ब्रश उलटासुलटा करून पाहिला, नाकाला लावला आणि म्हणाले, "चहा घेणार का?" त्या ब्रशाच्या दांड्याला मामांनी लाल दोरा बांधला. नायलॉनला पाणी धरवत नाही, म्हणून आबांची दाढी करताना त्यांना तो पाच-सहा वेळा जास्त बुडवायला लागायचा. पण त्या दिवसानंतर कुठलंही नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मामा आधी ब्रश समोर धरून तो कशाचा आहे ते सांगत. बाकड्यावर बसलेले आम्ही लोक हसायचो. नवा माणूस गोंधळून "चालेल, चालेल" म्हणायचा.

माझे वडील गेले तेव्हा मी शिरूरला होतो. घोडनदीच्या काठी दहाव्याला आम्ही भाऊ आणि चुलतभाऊ ओळीने बसलो होतो. पौषातली थंडी, सकाळची वेळ. आमच्याकडचे नाभिक वयस्कर होते, आणि एवढी डोकी करायची म्हणून घाईत होते. नदीचं पाणी ओंजळीने डोक्यावर मारायचे आणि वस्तरा लावायचे. माझा धाकटा भाऊ दात आवळून बसला होता. माझी पाळी आली तेव्हा पाठीमागून आवाज आला, "पाव्हणं, जरा थांबता का? मी फकस्त भिजवून देतो. वस्तरा तुमचाच."

मी मान वळवून पाहिलं. रंगनाथमामा. पहाटेच्या गाडीने निघून आले होते. पिशवीत थर्मास, वाटी, ब्रश. आमच्या नाभिकांनी मान डोलावली. मामा माझ्या मागे गुडघ्यावर बसले आणि कोमट पाणी माझ्या डोक्यावर सोडलं. दहा दिवस मी रडलो नव्हतो. थोरला म्हणून सगळ्यांना धीर देत फिरत होतो. त्या कोमट पाण्याने मला जे रडू फुटलं ते आवरेना. मामा डोक्यावर ब्रश गोल फिरवत राहिले आणि फेस तयार झाल्यावर उठून बाजूला झाले. ओळीतल्या बाकीच्यांनाही त्यांनी तसंच भिजवून दिलं.

ते परत निघाले तेव्हा मी विचारलं, "मामा, वस्तरा तुम्हीच का नाही धरला?"

"दुसऱ्याच्या गावात वस्तरा उघडायचा न्हाई, सर. त्यो त्यांचा मान. फेसाला कुणाची हरकत नसती."

मामांचा मुलगा प्रकाश एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होता. लॉकडाऊनमध्ये ते काम गेलं आणि पस्तिशीचा प्रकाश दुकानात आला. हात चांगला होता त्याचा. केस तर बापापेक्षा छान कापायचा. त्याने दुसरी खुर्ची आणली, आरशाभोवती दिवे लावले आणि फळीवर फेसाचे डबे मांडले. बटण दाबलं की ओंजळभर फेस. मामांनी तो बोटावर घेऊन पाहिला. "हा दाढीवर बसतो," ते म्हणाले, "दाढीत शिरत न्हाई." प्रकाश हसला. लोक तेव्हा एकाचा ब्रश दुसऱ्याला लावायला घाबरत होते, त्यामुळे त्याचंही चुकत नव्हतं. मामांनी यावर तोड काढली. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आपापला ब्रश आणायला सांगितला, भिंतीवर फळी ठोकली, तिच्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक ब्रश, केसांची बाजू खाली. नावं प्रकाशने लिहिली. माझ्या नावापुढे त्याने 'सर (राठ)' असं लिहिलं होतं. मी त्याला ते खोडायला लावलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला माझीच लाज वाटते. दोनेक महिने मामांचा फेस लांबत चालला होता. सातचे दहा, दहाचे बारा. मला वाटलं, वय झालं, माणूस आणखी चोखंदळ झाला. मी कौतुक करून बसलो, "मामा, फेस आता आणखी मुरायला लागलाय तुमचा." ते हसले. वस्तरा उचलायची वेळ ते पुढे ढकलत होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. आणि मी शाळेत पोरांना सांगायचो की डोळे उघडे ठेवून बघायला शिका.

त्या रविवारी आबा खुर्चीत होते आणि मी बाकड्यावर पेपर वाचत होतो. दुसऱ्या खुर्चीवर प्रकाश कुणाचे तरी केस कापत होता. लाल दोऱ्याचा ब्रश किती वेळ चालला कोण जाणे. कानाजवळचा फेस वाळला, मामांनी तो परत ओला केला. मग वस्तरा. प्रकाशची कात्री थांबली म्हणून मी पेपरावरून वर पाहिलं. आबांच्या जबड्याखाली पांढऱ्या फेसात तांबडी रेघ उमटली होती आणि ती रुंद होत होती.

आबा हललेसुद्धा नाहीत. आरशात बघत म्हणाले, "माझीच मान हलली रं, रंगनाथ. म्हातारपण."

मामांनी वस्तरा ठेवला. तुरटी घेतली ती डाव्या हाताने. उजवा हात त्यांनी मांडीशी दाबून धरला होता, तरी तो हलताना मला दिसला. राहिलेली बाजू करायला त्यांनी वस्तरा परत उचललाच नाही. आबांनी पंचाने स्वतःचा फेस पुसला, "आज एवढीच बास" म्हणाले आणि मामांच्या खांद्यावर थोपटून गाडीला गेले.

"सर, बघितलं न्हवं तुम्ही?" मामा म्हणाले.

"अहो, त्यांची मान हलली. ते स्वतःच म्हणाले की."

"तीस वर्सं ती मान माझ्या हातात हाय. खुर्चीत झोप लागायची आबांना, तवा हलली न्हाई." ते बाकड्यावर माझ्याशेजारी बसले. "माझ्यासाठी खोटं बोलायला लागलं त्या माळकरी माणसाला."

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या. मामा घरी बसले. मी चौकशी केली की प्रकाश मान खाली घालून सांगायचा, "काय करू सर, मला सांगा. सकाळी उठून ब्रश भिजत घालत्यात आन् दुपारी वाळत घालत्यात. कुणाची दाढी न्हाई, काय न्हाई. मी म्हटलं दुकानात येऊन नुसतं बसा, तर म्हणत्यात, दुकानात बसायचं ते गिऱ्हाइकानं." प्रकाशच्या आवाजात वैताग होता आणि भीतीही होती. मामांना दुकान सोडवत नव्हतं आणि वस्तरा धरवत नव्हता. खुर्चीमागे उभं राहायला मिळालं नाही तर हा माणूस फार दिवस काढणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

वाट काढली ती आबांनी. तीन आठवड्यांनी ते आले आणि खुर्चीत बसले. गळ्यावरची खपली पडून गुलाबी खूण राहिली होती. प्रकाशने फेसाचा डबा हातात घेतला.

"ते ठिव," आबा म्हणाले. "रंगनाथला बोलव."

"आबा, पप्पांचा हात—"

"ठावं हाय मला. माझ्याच गळ्यावर हाय की. फेस त्यो करंल, वस्तरा तू धर."

"दाढीला दोन माणसं?"

"लग्नाला बामण येगळा आन् वाजंत्री येगळा असतूच न्हवं? जा, घिऊन ये बापाला. मी बसतो."

प्रकाश मोटारसायकलवरून मामांना घेऊन आला. मामा दारात थांबले, आत येईनात. आबांनी आरशातूनच त्यांना पाहिलं आणि खेकसले, "पाणी तापवतूस का मी जाऊ?" तेव्हा मामांनी बाह्या दुमडल्या. फेस झाला, मामा बाजूला झाले, प्रकाश पुढे आला. डब्याच्या फेसावर हात दाबून चालवायची त्याला सवय. त्याने वस्तरा गालावर ठेवला आणि एकदम हात उचलून बापाकडे पाहिलं.

"पप्पा, जोर लावायलाच लागत न्हाई."

"लावायचाच नसतो," मामा म्हणाले.

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी उगीचच उठून बाहेर जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगून आलो.

तेव्हापासून तशीच पद्धत पडली. तरुण पोरं प्रकाशकडून डब्याच्या फेसावर दाढी, मिशी, कोरणं करून घ्यायची. आम्ही फळीवर ब्रश असलेले लोक आलो की मामा स्टुलावरून उठायचे. फेस करून झाला की मागे सरायचे आणि प्रकाशचा हात बघत उभे राहायचे. सुरुवातीला प्रकाशला त्याचं दडपण यायचं. मग गिऱ्हाइकाच्या गालावरचा बापाचा हात बाजूला होईपर्यंत तो वस्तरा उघडेनासा झाला. मामांची तब्येत सुधारली असं म्हणता येणार नाही, पण ते रोज नवाच्या ठोक्याला दुकानात असायचे.

मी डिसेंबरात निवृत्त झालो. सामान टेम्पोतून शिरूरला पाठवलं, बायकोही त्यातच गेली. मला साडेदहाच्या शिरूर गाडीने जायचं होतं, दुपारी घरी जेवायला माणसं बोलावलेली. साडेनऊला मी शेवटच्या दाढीला म्हणून मामांकडे गेलो. प्रकाश गॅसची टाकी आणायला गावात गेला होता. "आत्ता येतोय," मामा म्हणाले आणि त्यांनी पाणी ठेवलं.

फेस झाला. दहाला पाच कमी. प्रकाशचा फोन आला. रेल्वेच्या पुलाखालच्या मोरीत उसाची ट्रॉली अडकली होती आणि दोन्ही बाजूंनी रांग लागली होती. पाऊण तास तरी सुटत नाही म्हणाला. मामांनी फोन ठेवला. गालावरचा फेस कडेने वाळायला लागला होता. त्यांनी ब्रश बुडवून तो परत जिवंत केला.

"गाडी कितीला, सर?"

"साडेदहा. जाऊ द्या हो. पुसून टाका, शिरूरला जाऊन करतो."

"मी लावलेला फेस तसाच पुसू?" ते म्हणाले.

फळीवर वस्तरा होता. प्रकाश जाताना त्यात नवं पातं घालून गेला होता. मामांनी ब्रश खाली ठेवला, पंचाला हात पुसले आणि वस्तरा उचलला. उघडला. मला ते सगळं आरशात दिसत होतं. हात माझ्या कानाजवळ आला आणि थांबला. म्हणजे हात थांबला, पातं थांबलं नाही. ते जागच्या जागी बारीक थरथरत होतं. मामा त्याच्याकडे बघत होते आणि ते शांत होण्याची वाट बघत होते. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण बावीस वर्षं ज्या माणसाने माझ्या गळ्यावर ओरखडा येऊ दिला नाही, त्याला मी अशा वेळी नाही म्हणावं, याची त्याहून जास्त भीती वाटली.

"मामा," मी म्हणालो, "करा तुम्हीच. काही होत नाही."

त्यांनी आरशात माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"आन् लागलं तर तुमचीबी मान हलली म्हणणार?"

मी तेच म्हणणार होतो.

त्यांनी वस्तरा मिटला आणि पावडरच्या डब्याच्या मागे, हात सहज पोचणार नाही असा ठेवला. मग ब्रश उचलला, गरम पाण्यात बुडवला आणि माझ्या गालावर परत सुरुवात केली. साडेदहाला स्टँडकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला. तो आमच्याच गाडीचा होता की नाही कोण जाणे. फेस वाळत आला की ते तो ओला करायचे, गोल फिरवायचे, सरळ खाली ओढायचे, थांबायचे आणि परत सुरू करायचे. मधूनच बोलले, शिरूरला कुणाकडं जाणार तुम्ही आता, बाजारपेठेत एक जण बरा हाय म्हणत्यात, त्याला सांगा उलटा हात मारू नको म्हणून. मी डोळे मिटून 'हो' म्हणत होतो. इतका वेळ माझ्या चेहऱ्याची काळजी आईनंतर कुणी घेतली नसेल.

पावणेअकराला प्रकाश धापा टाकत आला. वस्तरा फळीवर दिसेना तेव्हा त्याने बापाकडे पाहिलं. मामांनी पावडरच्या डब्याकडे बोट केलं. दोन मिनिटांत प्रकाशने दाढी केली.

मी तोंड पुसून बाहेर आलो तर मामा नळावर माझा ब्रश धूत होते. धुऊन झाल्यावर ते तो झटकायला लागले. केसांतलं पाणी निघून जावं म्हणून ब्रश जोरात झटकायचा असतो. पुढची गाडी बारा वाजता होती, मला घाई नव्हती. मी पायरीवर उभा राहून बघत राहिलो. पाण्याचे शिंतोडे उन्हात उडत होते, ते मन लावून झटकत होते, आणि त्यातला कुठला झटका त्यांनी दिलेला आणि कुठला हाताने आपणहून घेतलेला, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.